खाडीची ओटी

गुणाबाईला राग यायला कारण लागत नाही, असं तिची सून मनाली म्हणायची. ते खरं नव्हतं. कारण लागायचं. गेली पाच वर्षं तिच्याकडं एकच कारण होतं, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला ते कारण वाटत नव्हतं. म्हणून मग तिचा राग कधी दुधावर निघायचा, कधी ग्रॅनाइटच्या पायऱ्यांवर, कधी दारात उभ्या असलेल्या स्कॉर्पिओवर. अंजूरच्या त्या तीन मजली बंगल्यात सकाळी पहिला आवाज व्हायचा तो गुणाबाईचा, आणि तो काही देवाचं नाव घेणारा नसायचा.

बाई अंगानं बारकी, पण पायांची बोटं अशी फाकलेली की कुठलीही चप्पल तिला धड बसायची नाही. सारा जन्म चिखलात रोवून उभी राहिलेली बोटं ती. लग्न होऊन अंजूरला आली त्या साली सासूनं तिच्या हातात लोखंडी आकडी दिली, बिळात घालून चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, बाहेर ओढायची. तेव्हापासून तिनं खाडीतून काय काढलं नाही ते विचारा. चिंबोऱ्या, निवट्या, कोळंबी, कालवं. पाटी डोक्यावर घेऊन ती भिवंडीला तीन बत्तीच्या बाजारात बसायची, आणि लूमवरून ड्युटी सुटून आलेले कामगार घासाघीस करायला लागले की त्यांना त्यांच्याच हिंदीत झाडायची. "लेना है तो लो. दबा दबा के देखने को ये क्या टमाटर है?" त्या बाजारात तिच्या वाटेला जायची कुणाची छाती नव्हती.

आता कारणाचं सांगतो.

तिचा मुलगा धनेश सात वर्षांचा असताना बापाबरोबर होडीतून पलीकडच्या काठाला निघाला होता. बाप म्हणजे केसरीनाथ, होडी वल्हवण्यात हुशार माणूस, पण त्या दिवशी भाताच्या गोण्या जास्त भरल्या आणि होडी मधोमध कलंडली. केसरीनाथ पोहत काठाला लागला. पोर ओहोटीच्या ओढीत गेलं. सगळा गाव काठावर जमला, बायकांनी गळा काढला, गुणाबाई मात्र कमरेएवढ्या चिखलात उतरून खाडीशी बोलत उभी राहिली. "बाय, माझा एकुलता पोर परत दे. त्याचं पहिलं लेकरू मांडीवर घेईन तवा तुना हिरवं लुगडं नेसवीन, तुझी ओटी भरीन." आणि सासूनं घालून दिलेली जी रीत होती, तीही बोलली. ज्याच्यासाठी नवस, त्यानं ओटी भरून झाली की त्याच पाण्याची ओंजळ तोंडाला लावायची आणि एक घोट प्यायचा. पाण्यानं माणूस परत दिला, तर माणसानं पाणी पोटात घ्यायचं. त्याशिवाय नवस फिटत नाही.

तिन्हीसांजेला भरती आली आणि पोर सापडलं. तिवराच्या झुडपाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसलं होतं, थंडीनं काळंनिळं पडलेलं, पण जिवंत.

तोच धनेश मोठा झाला, आणि चांगला हुशार निघाला. अंजूरकडं गोडाऊनवाले यायला लागले तेव्हा बाकीच्यांनी जमिनी विकल्या, यानं विकली नाही. यानं खाडीकाठच्या आपल्या खाजणाच्या जमिनीत भराव टाकला, त्यावर स्वतः गोडाऊन बांधलं आणि एका कंपनीला भाड्यानं दिलं. चौफेर उंच भिंत घातली. गावातून खाडीवर जायची वाट त्या भिंतीच्या आत गेली, होड्या लागायच्या ती जागा आत गेली, आणि गुणाबाई जिथं चिखलात उभी राहून बोलली होती ती जागाही. केसरीनाथ तोवर वारला होता. तो असता तर काय बोलला असता कोण जाणे. तो फारसं बोलणारा माणूस नव्हता.

भिंत उभी राहिली त्याच वर्षी मनालीला मुलगी झाली. रुचिका. गुणाबाईनं तिला मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी धनेशला म्हणाली, "चल, ओटी भराची हाय."

धनेश म्हणाला, "बघू."

या 'बघू'ला पाच वर्षं झाली. पहिल्या वर्षी कंपनीचं सामान आत यायचं होतं म्हणून. दुसऱ्या वर्षी पाणी फार घाण होतं म्हणून. पाणी खरंच घाण झालं होतं, कुणी नाही म्हणत नाही. वरून कापडाच्या डाईंगचं पाणी यायचं, एक दिवस लाल, एक दिवस निळं, गटारांचं यायचं ते वेगळंच. भिंत व्हायच्या आधीच चिंबोऱ्यांना रॉकेलचा वास मारायला लागला होता आणि गुणाबाईची पाटी माळ्यावर गेली होती. धनेश म्हणायचा, "आई, ते पाणी पायाला लागलं तरी फोड येतात. तोंडाला कसं लावू? डॉक्टरला विचार पायजे तर."

"डॉक्टरनं तुना काढला व्हता का पान्यातून?" गुणाबाई विचारायची.

यावर धनेश मोबाइल कानाला लावून अंगणात जायचा. पलीकडं कुणी असो वा नसो.

मग गुणाबाईनं तिच्या हातात होतं ते केलं. नवस फिटेपर्यंत म्हावरं तोंडात घेणार नाही, असं तिनं जाहीर केलं. ज्या बाईला सुक्या बोंबलाशिवाय भाकरी उतरत नव्हती, ती बटाट्याच्या भाजीवर आली. आगऱ्याच्या घरात म्हातारी मासे खात नाही, ही गोष्ट लपून राहते थोडीच? हळदीला, लग्नाला, बारशाला लोक विचारायचे, "काय गो गुणाबाय, तुलशीची माल घातलीस का काय?" आणि धनेशच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कारण ती उत्तर द्यायची, चारचौघांत, धनेशकडं बोट करून. "यानं माझी खाडी कोंडलीन. तिला इचारा म्हावरं कुठं गेलं."

अखेर दोन हजार आठच्या दिवाळीच्या सुट्टीत धनेशनं तोड काढली. मुरवणे नावाचं एक लहानसं गाव कोकणात, समुद्रकाठी. दोन किनारे, मध्ये नदी समुद्राला मिळते ती खाडी, पाणी काचेसारखं. त्याच्या ओळखीतले दोघं-तिघं जाऊन आले होते. "तिथं भरू आपण ओटी," तो म्हणाला. "खाडी ती खाडी. शेवटी सगळं जाऊन मिळतं समुद्रालाच ना? मी पितो तिथं. एक घोट काय, तांब्याभर पितो."

"माझा नवस काय घाऊक बाजारातला माल हाय? हितं न्हाय तर तिथं?" गुणाबाई म्हणाली.

पण ती गाडीत बसली. का बसली ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. सत्तरीच्या जवळ आली होती, गुडघे बोलायला लागले होते, आणि नवस डोक्यावर ठेवून मरायची तिला भीती वाटत होती. ही भीती तिनं कुणाला दाखवली नाही. दाखवला तो राग. पनवेलपर्यंत ती एसीवर बोलली, माणगावपर्यंत रस्त्यावर बोलली, आणि पुढच्या घाटात रुचिकाला उलटी झाली ती धनेशच्या गाडी चालवण्यावर बोलली. मांडीवर तिची पिशवी होती. हिरवं लुगडं, खण, बांगड्या, हळदकुंकू, तांदूळ, नारळ. पिशवी तिनं डिकीत ठेवू दिली नाही.

मुरवणे खरोखर छान होतं, आणि तेच गुणाबाईच्या डोक्यात गेलं. घोडागाडीत बसून किनाऱ्यावर फेऱ्या मारणारे पाहुणे, शहाळी, सुरूची झाडं, हे सगळं ठीक. पण संध्याकाळी ती एकटीच खाडीच्या मुखाशी गेली तेव्हा ओहोटी होती, आणि उघड्या पडलेल्या वाळूत गावच्या बायका साड्या वर खोचून तिसऱ्यांच्या शिंपल्या वेचत होत्या. गप्पा चालल्या होत्या. एक तरणी पोरगी हसत होती. तिवराच्या मुळांमधून बगळे हिंडत होते, आणि पाण्याला वास होता तो फक्त पाण्याचा. गुणाबाई बांधावर बसून बघत राहिली. हे सगळं आपल्याकडं होतं, तिला वाटलं, असंच्या असं होतं, आणि ते कुणी परक्यानं येऊन नेलेलं नाही. तिला इतका संताप आला की तिथल्या तिथं त्या बायकांवरच ओरडावं असं वाटलं. त्यांचा बिचाऱ्यांचा काही संबंध नव्हता.

रात्री त्या घरगुती खानावळीत तिसऱ्यांचं कालवण होतं. मालकिणीनं फोडणी दिली तिथपासून गुणाबाईचं चित्त ठिकाणावर नव्हतं. ओल्या खोबऱ्याचा, कोकमाच्या आगळाचा आणि तिसऱ्यांचा तो वास नाकात गेला आणि इतक्या वर्षांचा निग्रह गदगदा हलला. धनेश भुरके मारत होता. मनाली खाली मान घालून खात होती, सासूसमोर तिला घास गोड लागत नव्हता. गुणाबाईच्या ताटात बटाटा होता. ती त्या बटाट्याकडं बघत म्हणाली, "उद्या सकाली भरून टाकू."

धनेशनं वर बघितलं. "काय?"

"ओटी. बहिरा झालास काय?"

आता यात मोठं मन वगैरे काही नव्हतं. बाई जिभेला हरली. शिवाय थकली होती. खाडी ती खाडी, असं तिनं स्वतःला दोन-तीनदा सांगून बघितलं, आणि तिसऱ्यांदा ते जवळजवळ पटलं.

दुसऱ्या दिवशी चतुर्दशी होती. उन्हं वर आली तशी भरती चढायला लागली, आणि चौघं खाडीच्या मुखाशी गेली. धनेशनं पांढरा शर्ट घातला होता आणि तो एकदम खुशीत होता, मनालीला कॅमेरा काढ म्हणाला. रुचिका पाण्यात पाय बुडवून बसली. गुणाबाईनं पदर डोक्यावर घेतला, पिशवीतून लुगडं काढलं, घडी मोडली.

जवळच एक म्हातारी धुतलेल्या तिसऱ्या टोपलीत भरत बसली होती. गावात सगळे तिला आक्का म्हणत. काळी, सुकलेली, तोंडात एक दात. तिनं विचारलं, "कुटल्या गो तुमी?"

"भिवंडीकडच्या. अंजूरच्या."

"आनि ओटी कसली?"

गुणाबाईनं सांगितलं. होडी, पोर, तिवर, नवस. सांगताना तिनं काही गाळलं नाही, कारण पाच वर्षांत हे कुणी तिला नीट विचारलंच नव्हतं. आक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि हातातली टोपली खाली ठेवली.

"मग ही ओटी आमच्या खाडीची नाय," ती म्हणाली. "तुमच्या खाडीची हाय. हितं कशाला टाकता?"

धनेश मध्ये पडला. "आजी, सगळं पाणी शेवटी एकच की."

"तुला कोनी इचारला?" आक्का त्याच्याकडं न बघताच म्हणाली आणि गुणाबाईकडं वळली. "पोर तिनं दिला नि लुगडं हिला? बाय, तुला सून हाय. तिचं बाळंतपन तू काढलंस नि साडी तिनं शेजारनीला दिली, तर तुला कसं वाटंल? आनि आमच्या पान्यानं दुसरीचं लुगडं का म्हनून नेसायचं? आमी हिच्यात उतरून पोट भरतो. दुसऱ्याची उसनवारी हिच्या अंगावर नको."

गुणाबाईच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. यातला शब्द न् शब्द तिचा होता. पाच वर्षं ती हेच ओरडत होती, ग्रॅनाइटवर, दुधावर, गाडीवर, चारचौघांत. आणि आज वेळ आली तर हे ऐकवायला परगावची एक बाई लागली. लाजेनं तिचे कान तापले. लाज तिला झेपत नसे, तिचा लगेच राग व्हायचा.

"आमची खाडी न्हाय ऱ्हायली," ती तडकून म्हणाली. "भिंती घातल्यान, घान सोडल्यान. काली झाली. मेली ती."

आक्का म्हणाली, "मेली असंल तर तिचं तेरावं घाला. मेलेलीची ओटी भरीत नाय कोनी. ओटी जित्या बायची भरतात." मग पुन्हा टोपली ओढून घेत तिनं साधेपणानं विचारलं, "पन खरंच मेली का? बघितलंस तू जाऊन?"

गुणाबाईनं बघितलं नव्हतं. भिंत झाल्यापासून ती खाडीवर गेलीच नव्हती. जाता येत नाही, असं ती सगळ्यांना सांगायची, आणि ते खरंही होतं. पण मागच्या शेताच्या कडेनं लांबून गेलं असतं तर निदान बघता तरी आलं असतं. ती गेली नव्हती. काय दिसेल याची तिला धास्ती होती.

तिनं लुगड्याची घडी घातली. "गाडी काढ," ती धनेशला म्हणाली.

"अगं, अजून दोन दिवस आहेत आपल्याला. रुचिकाला डॉल्फिन बघायचे आहेत."

"गाडी काढ धनेश."

ती 'धनेश' म्हणाली म्हणजे संपलं, हे मनालीला ठाऊक होतं. एरवी ती त्याला 'ए' म्हणायची. मनाली मुकाट्यानं सामान भरायला गेली. परतीच्या अख्ख्या रस्त्यात गुणाबाई एक शब्द बोलली नाही. एसीवर नाही, रस्त्यावर नाही, घाटातल्या वळणांवर नाही. त्या शांततेनं धनेश असा काही बेजार झाला की महाडजवळ त्यानं स्वतःच विचारलं, "आई, एसी कमी करू का?" तिनं खिडकीबाहेर बघणं सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी कार्तिकी पुनव. पुनवेची भरती मोठी, आणि अंजूरपर्यंत वर चढायला तिला दुपार होते. जेवणं उरकल्यावर गुणाबाई पिशवी घेऊन निघाली, आणि मागं न बघता म्हणाली, "ज्याला याचं त्यानं यावं." धनेश गेला. जाणं भाग होतं, नाहीतर तिनं वाटेतल्या प्रत्येक घरापुढं थांबून कारण सांगितलं असतं. मनाली रुचिकाला घेऊन मागून आली.

गोडाऊनच्या लोखंडी गेटवर वॉचमन होता, जौनपूरकडचा, सभ्य माणूस. त्यानं धनेशला सलाम केला आणि गुणाबाईपुढं आडवा झाला. "अम्मा, अंदर जाने का परमिशन नहीं है. कंपनी का रूल है."

"ये कंपनी किसका है मालूम है?" गुणाबाईनं विचारलं. "ये मेरा जमीन है. मेरा सासू का जमीन है."

"हाँ अम्मा. पर पिछला गेट का चाबी मॅनेजर साब के पास है. वो सोमवार को आएगा."

धनेशनं मॅनेजरला फोन लावला. त्यानं इंग्रजीत आणि हिंदीत बरंच काही ऐकून घेतलं, दोनदा 'येस सर' म्हणाला, आणि फोन बंद केला. "नाही म्हणतात, आई. आत माल आहे. ॲग्रीमेंटच तसं आहे, माझ्या हातात काही नाही." हे सांगताना त्याचे खांदे सैल पडले. सुटलो, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि त्याला जन्म देणाऱ्या बाईला ते वाचायला वेळ लागला नाही.

"सोताच्या जमिनीत येस सर," ती म्हणाली. "चांगला शेट झालास."

ती भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागली. भिंत लांबच लांब होती, पायथ्याशी खडी, प्लास्टिक, पॅकिंगच्या पट्ट्या. भिंत संपते तिथं खालून एक सिमेंटचा मोठा पाइप बाहेर आला होता. आतलं आणि गावातलं सांडपाणी त्यातून खाडीला जायचं, म्हणून रस्त्याकडेला एक चर खणलेला होता. रोज पाणी चरातून पाइपात जाताना दिसायचं. आज ते उलटं येत होतं. पाइपातून काळं, फेसाळ पाणी हळूहळू चरात चढत होतं, काठावरचा कचरा उचलत होतं, मागं सरत होतं आणि पुन्हा थोडं पुढं येत होतं.

गुणाबाई थांबली. पिशवी खाली ठेवून ती दोन्ही गुडघ्यांवर बसली, आणि तिला पहिल्यांदा रडू आलं. तेही रागाचंच होतं. "येते हाय," ती म्हणाली. "भिंतीखालून येते हाय. जिती हाय ती."

"आई, हे गटार आहे," धनेश म्हणाला.

"गटार तू केलास. ही खाडी हाय."

तिनं चराच्या काठावर हळदकुंकू वाहिलं. तांदूळ, नारळ, खण, बांगड्या, सगळं रीतसर. लुगडं उलगडून पाण्यावर सोडलं तेव्हा ते क्षणभर हिरवं राहिलं, मग भिजलं आणि काळं पडून खाली बसलं. रस्त्यानं जाणारे दोन टेम्पो हळू झाले. वॉचमन लांब उभा राहून बघत होता, आणि त्यानं का कोण जाणे डोक्यावरची टोपी काढली होती.

"आता तू," गुणाबाई म्हणाली.

धनेश मागं सरला. "वेड लागलंय का तुला? यात डाईंगचं पाणी आहे. केमिकल आहे. गेल्या वर्षी हेच पाणी पिऊन म्हैस मेली गावातली."

"मना ठावं हाय."

"मग?"

"मग काय? मी तिला बोललेली हाय. तिनं आपला शब्द पाळला. तुना आनून तिवरात ठेवला. तवा तिनं इचारला न्हाय, ह्याच्या अंगाला घान किती हाय."

मनाली पुढं आली. "आई, पाया पडते तुमच्या. नुसतं डोळ्यांना लावलं तर चालणार नाही का?"

"न्हाय."

धनेशचा चेहरा बदलला. तोही शेवटी तिचाच मुलगा होता, राग त्यानं कुठून बाहेरून आणलेला नव्हता. पाच वर्षं चारचौघांत खाल्लेली बोलणी, काल अर्ध्यात सोडलेली सहल, आत्ताच मॅनेजरला म्हटलेलं येस सर, सगळं एकदम वर आलं. "पितो," तो म्हणाला. "पितो मी. एकदाचं होऊ दे तुझ्या मनासारखं." तो चराच्या काठावर गुडघे टेकून बसला, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मागं न सारताच त्यानं दोन्ही हात त्या काळ्या पाण्यात घातले आणि ओंजळ भरून वर उचलली. वासानं त्याचं नाक आपोआप आकसलं, पण हात थांबले नाहीत. तो आईच्या डोळ्यांत बघत होता. ओंजळ हनुवटीपर्यंत आली, ओठांना टेकायला आली.

गुणाबाईनं त्याच्या हातांवर फटका मारला.

जोरात मारला. पाणी त्याच्या शर्टावर, गळ्यावर उडालं. रुचिका घाबरून आईला बिलगली. गुणाबाई भिंतीला एक हात लावून उभी राहिली. मग ती चराकडं तोंड करून बोलायला लागली, शेजारणीशी बोलावं तशी. "बाय, तुझं लुगडं तुना पोचलं. पर घोट ऱ्हायला. तू दिलास तो पोर हा हाय माझ्यापाशी, धडधाकट हाय. पर तुझं पानी मी त्याला पाजू शकत न्हाय. प्याला तर मरंल. नि तुना असं त्यानंच केलंन. तवा नवस काय फिटत न्हाय माझा. मी म्हावरं खानार न्हाय. तुना काय बोलाचं ते मना बोल, माझ्या नातीला बोलू नको."

धनेश अजून गुडघ्यांवर होता. ती प्यायला लावणार, या भरवशावर तो इतका वेळ रागावलेला होता. आता रागावायला काही उरलं नव्हतं, आणि ते रागापेक्षा वाईट होतं. हातांवरून काळे ओघळ कोपरापर्यंत गेले होते. तो उठला, आणि सवयीनं त्यानं खिशातून रुमाल काढला.

"पुसू नको," गुणाबाई म्हणाली. "घरापावत तसाच चल."

धनेशनं रुमाल पुन्हा खिशात ठेवला, आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरून तो तिच्या मागून चालायला लागला.